मुकादमाची दुसरी गोष्ट

श्रोतेहो, १३ सप्टेंबर १८४८ चा दिवस. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ, रेल्वेसाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. फिनिअस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठाशीत असता अवचित स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब अशी लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. माणूस मात्र वाचला! डॉ. जॉन हार्लो यांनी त्याची जखम बरी केली.

वाचा होती, स्मरण होते, हातपाय धड होते. पण बेत करावा आणि लगेच मोडावा, असे त्याचे होऊन बसले. जुनी जागा काही त्याला मिळाली नाही. कपाळामागचा मेंदू म्हणजे आपल्या घरचा कारभारी. आधी काय, मागून काय, थांबायचे कुठे, हे तो पाहतो. तोच जायबंदी झाला होता.

बहुतेक पुस्तके इथेच थांबतात. परंतु १८५२ मध्ये गेज चिली देशात गेला आणि कित्येक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकू लागला. कधी कधी सहा घोड्यांची! संशोधक माल्कम मॅकमिलन यांचे म्हणणे असे, की ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली कामे, यांनीच त्याला पुष्कळसे सावरले. १८६० मध्ये तो आकडीच्या विकाराने वारला.

गेजच्या बाबतीत जे आपसूक घडले, त्याची पुढे रीतसर पद्धत झाली. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लूरिया यांनी उरल पर्वताच्या भागात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार केले. मनातला कारभारी गेला ना, मग तो बाहेर कागदावर बसवा, हे त्यांच्या उपचाराचे एक सूत्र. कामाच्या पायऱ्या लिहून द्यायच्या. रोग्याने त्या आधी मोठ्याने म्हणायच्या, मग पुटपुटायच्या, शेवटी मनात. आजही अशा रोग्यांना हेच शिकवतात : थांबा, हेतू आठवा, पायऱ्या पाडा, ताडून पाहा. गेलेले सगळेच परत येते असे नाही. पण रोजचा दिवस पार पडू लागतो.

अपघातातून उठलेला मुलगा दिसायला ठणठणीत असतो, आणि घरचे म्हणतात, "आळशी झालाय हो!" श्रोतेहो, तसे म्हणण्याआधी भिंतीवर त्याच्या दिवसाचा एक कागद लावून पाहावा.