झगा आणि चौकोनी टोपी



परवां मोर्णेकांठच्या आमच्या जुन्या शहरांत शेजाऱ्यांची पांच वर्षांची नात काळा झगा व चौकोनी टोपी घालून दारांत उभी दिसली. बालवर्ग संपला म्हणून शाळेनें पदवीदान केलें होतें. झग्याचें भाडें अर्थातच पालकांनीं भरलें. मी मॅट्रिक झालेला मास्तर. माझ्या अंगावर हा झगा कधींच चढला नाहीं. म्हणून त्याची वंशावळ पाहावीशी वाटली.

हा झगा मूळचा युरोपांतील धर्मोपदेशकांचा. तेथील जुनीं विद्यापीठें चर्चच्या छायेंत वाढलीं. थंडगार दगडी दालनांतील तो पायघोळ अंगरखा पुढें विद्वत्तेचें चिन्ह ठरला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर स्थापन झालें, आणि तिकडची पदवीदानाची रीत इकडे आली. १८५९ सालीं पहिली मॅट्रिक झाली. तींत रानडे व भांडारकर उत्तीर्ण झाले. १८६२ सालीं ते बी. ए. झाले. मॅट्रिक या शब्दाचा मूळ अर्थ नांवनोंदणी. ती विद्यापीठाची देवडी होती. देवडीवर झगा कोण देणार? वऱ्हाडच्या मुलाला तो मिळविण्यास दूर जावें लागे. १९२३ सालीं नागपुरास व १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ झालें, तेव्हां तो जवळ आला. शाळा संपतांना झगा घालण्याची चाल अमेरिकेची. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे फिरविण्याची रीतही तिकडचीच.

आपल्याकडे कांहींच नव्हतें असें मात्र नव्हे. गृह्यसूत्रांतील समावर्तनाच्या विधींत विद्यार्थी स्नान करी, म्हणून तो स्नातक. त्याला नवीं वस्त्रें, जोडा, छत्री व काठी मिळे. या वस्तु पुढील वाटेवर उपयोगी पडणाऱ्या होत्या, हें ध्यानांत घ्यावें.

२०१० सालीं भोपाळच्या समारंभांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं झगा उतरवून ठेवला. २०१५ सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें समारंभासाठीं हातमागाचें कापड सुचविलें. २०२४ सालीं आरोग्य मंत्रालयानें केंद्रीय वैद्यकीय संस्थांना भारतीय पोशाख ठरविण्यास सांगितलें.

माझें म्हणणें इतकेंच कीं, झगा परका आहे हा त्याचा मोठा दोष नव्हे. पोशाख हें पुऱ्या झालेल्या अभ्यासाचें चिन्ह असावें. जिला अजून मुळाक्षरेंही पुरतीं गिरवतां येत नाहींत, तिच्या अंगावर तो चढविला, तर पुढें खरी पदवी घेतांना तिच्यासाठीं नवें काय उरणार? आणि ज्या बापाला भाडें परवडत नाहीं, त्याच्या मुलीनें त्या दिवशीं कोठें उभें राहावें? शाळांनीं हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा, आणि मग शिंप्याकडे जावें.