वाटाण्याच्या अक्षता

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि चित्रपटासाठी भांडवल मागू लागले, तेव्हा पैसेवाल्यांनी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. हलती चित्रं साहेबानं काढावीत आणि आपण तिकीट काढावं, असा तेव्हाचा शिरस्ता! फाळक्यांनी मग खरोखरीचा वाटाणाच घेतला. कुंडीत पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि अंकुरापासून वेल होईपर्यंत महिनाभर त्याची चित्रं टिपली. 'अंकुराची वाढ' हा तो चिमुकला चित्रपट. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटभरात पाहून पैसेवाले विरघळले.

इथवर सगळं गोड आहे. पण गोष्ट सांगणारे एका दमात म्हणतात, 'रोज एक फ्रेम घेतली', आणि दुसऱ्या दमात म्हणतात, 'मिनिटभराचा चित्रपट झाला.' आता माझा जन्म गेला बँकेत खतावण्या जुळवण्यात. जमा आणि खर्च जुळेना की मला जेवण जात नाही.

त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा फ्रेमा धावत. रोज एक म्हटली तर महिन्याच्या तीस, म्हणजे दोन सेकंदांचासुद्धा चित्रपट नाही. प्रेक्षकाला शिंक आली की वाटाणा उगवून, वाढून, संपला! बरं, एकच चित्र बत्तीस-बत्तीस वेळा उमटवून मिनिट भरावं, तर वेल वाढल्यासारखा दिसायचा नाही, दर दोन सेकंदांनी दचकल्यासारखा दिसेल. खरं मिनिट भरायला हव्यात ९६० फ्रेमा, म्हणजे साठ फूट फिल्म. दिवसाला बत्तीस. रात्रंदिवस धरलं तर दर पाऊण तासाला एक. नुसत्या उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांना.

आणि हे अंतर मनाला येईल तसं ठरवून भागत नाही. वाटाण्याचा कोवळा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरत असतो, एक फेरा साधारण दीड तासाचा. हे डार्विननं मोजून ठेवलंय. पाऊण तासानं चित्र घेतलं, तर शेंडा एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. पाहणाऱ्याला वाटावं, वेलाला हिव भरलंय. फेरा फेऱ्यासारखा दिसायचा तर पाच-दहा मिनिटांना एक फ्रेम हवी. मग फिल्म खाते किती! रात्री कॅमेरा बंद ठेवावा, तर रोप अंधारातही वाढत असल्यामुळे रोज सकाळी पडद्यावर टुणकन उडी मारणार. दिवा लावावा, तर ते दिव्याकडे झुकणार. वनस्पती दिसते गरीब, पण छायाचित्रकाराला फार छळते.

परदेशातही हा छळ होताच. जर्मनीत लाइपझिगला फेफर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९८ ते १९०० च्या सुमारास असे प्रयोग केले. इंग्लंडात पर्सी स्मिथनं १९१० साली उमलत्या फुलांचा चित्रपट काढला. हा गृहस्थ घरातल्या सटरफटर वस्तूंतून यंत्रं जुळवी, आणि यंत्र रात्री अडलं तर जाग यावी म्हणून त्यानं घरात घंटा टांगल्या होत्या.

फाळक्यांच्या विल्यमसनला हातानं फिरवायचा दांडा होता. तेव्हा माझा जमाखर्च एवढंच सांगतो, की मिनिट खरं असेल तर 'रोज एक' खोटं, आणि त्या कुंडीपाशी महिनाभर कोणीतरी घड्याळ बघत दांडा फिरवलेला आहे.

हा हिशेब मी मोठ्या अभिमानानं आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. म्हणाल्या, "फाळके भांडवलासाठी लोकांचे उंबरे झिजवत होते ना? मग दर बावीस मिनिटांनी घरी कोण होतं?"

याला माझ्या खतावणीत रकाना नाही. कागदोपत्री पुरावा नाही, म्हणून मी ठाम काही बोलणार नाही. एवढं मात्र नोंदलेलं आहे, की सरस्वतीबाई फाळके कॅमेरा हाताळायला शिकल्या होत्या, अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत होत्या, ती धूत होत्या, आणि शिवाय घरची माणसं जेवू घालत होत्या. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यासाठी पैसा उभा करताना वाटाणा पुरला नाही तिथं त्यांचे दागिने पुढे आले.