एका इंजिनच्या छोट्या विमानाने महासागर कसा ओलांडतात?

मे 2019. मुंबईची 23 वर्षांची आरोही पंडित 'माही' नावाच्या छोट्याशा विमानातून एकटीच स्कॉटलंडहून निघाली आणि आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडाला पोहोचली. लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी जगातली पहिली महिला म्हणून तिची नोंद झाली. तिचं विमान होतं सायनस 912. वजन साधारण 400 किलो, इंजिन 80 हॉर्सपॉवरचं, म्हणजे एखाद्या हॅचबॅक कारएवढं! मग हे जमतं कसं? चला, पाहूया.

टप्पे आणि इंधन

अशी विमानं एका दमात महासागर पार करत नाहीत, बेटांवर थांबत जातात. तरीही स्कॉटलंडचं विक ते आइसलंडचं रेक्याविक हे हवाई अंतर सुमारे 1,200 किमी आहे. आपल्या संभाजीनगरपासून दिल्लीही त्याहून जवळ आहे! वर खाली उतरायला शेत नाही की रस्ता नाही. टाकी पुरत नसेल तर केबिनमध्ये जादा टाकी बसवतात. पण वजन वाढलं की टेकऑफ अवघड होतो.

परत फिरायचं की पुढे जायचं?

समजा, अंतर 1,000 किमी, विमानाचा वेग ताशी 200 किमी आणि समोरून वारा ताशी 40 किमी. म्हणजे जाताना खरा वेग 160, परत येताना 240. अर्ध्या वाटेवर, 500 किमीला तब्येत बिघडली तर? पुढे जायला 3 तास 8 मिनिटं, मागे यायला 2 तास 5 मिनिटं. दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो तो बिंदू 600 किमीवर येतो. हा बिंदू पायलट निघण्याआधीच काढून ठेवतो. वारा बदलला की हिशोब पुन्हा करायचा.

इंजिन बंद पडलं तर?

विमान दगडासारखं खाली पडत नाही, तरंगत उतरतं. सायनसचे पंख सुमारे 15 मीटर लांब आहेत, त्यामुळे 3 किमी उंचीवरून ते 70 किमीपेक्षा जास्त तरंगू शकतं. पण समुद्रात तेवढ्यानं किनारा गाठता येईलच असं नाही. उत्तर अटलांटिकच्या पाण्यात काही मिनिटांत हातपाय बधिर होतात. म्हणून पायलट अंगात वॉटरप्रूफ सर्व्हायव्हल सूट घालूनच बसतो आणि हवेने फुगणारी तराफा-बोट हाताशी ठेवतो.

नेटवर्क नसताना लोकेशन?

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो. ऑफलाइन मॅप डाउनलोड करून फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि औट्रम घाटात बघा. बहुतेक फोनमध्ये निळा ठिपका सरकत राहतो.

पण खरी गोम इथेच आहे. तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळलं, इतरांना नाही! विमानाचा नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ 3 किमी उंचीवरून जमिनीवरच्या केंद्राशी साधारण 200 किमीपर्यंतच बोलतो. पुढे एचएफ रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन लागतो. अपघात झालाच तर 406 मेगाहर्ट्झचा बीकन उपग्रहांमार्फत मदत मागतो. भारतात असे सिग्नल बंगळूरूला इस्रोच्या केंद्रात येतात.

तुमच्या लाइव्ह लोकेशनला मात्र नेटवर्क लागतंच. म्हणून रेंज नसलेल्या ट्रेकला जाताना पायलटसारखंच करा: कुठून जाणार आणि किती वाजता परतणार, हे आधीच घरी सांगून निघा.