कोरी वही

रक्तदानाचे महत्त्व आपण पुष्कळदा ऐकले असेल. आम्ही आज पुढचे विचारतो: ते रक्त रोग्याच्या अंगात जात असता पहारा कोणाचा?

१६६७ साली पॅरिसमध्ये ज्यां देनी याने कोकराचे रक्त माणसाला दिले. १८१८ साली लंडनच्या ब्लंडेलने माणसाचे रक्त माणसाला चढवले. कोणी वाचले, कोणी दगावले. का, ते कळेना. १९०१ साली व्हिएन्नात लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध जाहीर केला, तेव्हा त्याचे मोठे कारण उमगले. पण धोका संपला नाही. १९९६ साली ब्रिटनमध्ये अशा गंभीर प्रकारांची गोपनीय नोंद सुरू झाली, आणि पहिल्याच अहवालात सर्वांत जास्त प्रकार निघाले ते एकाचे रक्त दुसऱ्याला गेल्याचे. शास्त्र चुकले नव्हते. खाटेपाशी पडताळणी चुकली होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने रक्ताची विक्री बंद करण्याचा मार्ग झाला, आणि १० डिसेंबर २०१२ पासून रक्त चढवल्यानंतरच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद सुरू झाली. नोंद ऐच्छिक आहे. म्हणजे सारी भिस्त खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेवर! नाव, क्रमांक, रक्तगट ताडून पाहायचे. पहिली पंधरा मिनिटे रोग्याजवळ राहायचे. थंडी वाजली, ताप चढला, कंबर दुखू लागली, की रक्त तत्काळ थांबवून डॉक्टरला बोलवायचे, पिशवी रक्तपेढीकडे परत धाडायची आणि घडले ते लिहायचे.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. एका कारखान्यातील अपघातवही वर्षभर कोरी होती, आणि मालक ती पाहुण्यांना अभिमानाने दाखवी. बोटे तुटतच होती. पण जो नोंद करी त्याचीच चौकशी लागे. मग लिहिणार कोण?

रुग्णालयातही तसेच. रात्रपाळीला एकटीच्या गळ्यात अवघा वॉर्ड घातला, तर पंधरा मिनिटे ती आणणार कोठून? आणि खरे लिहिल्याबद्दल मेमो मिळणार असेल, तर तिची वहीही कोरीच राहील. कोरी वही म्हणजे सुरक्षितता नव्हे, ती भीती होय.

म्हणून आपल्या माणसाला रक्त चढत असेल तेव्हा नाव-क्रमांक पडताळताना परिचारिकेला घाई करू नका. आणि चूक तिने स्वतः सांगितली, तर तिच्यावर धावून जाण्याआधी तिच्या पाळीला किती माणसे होती, हे विचारा.