दुचाकीचं इंजिन, चार चाकं

नागनाथाचं देऊळ, विसोबा खेचर, नामदेव असं काही वाचायला आलेल्यांनी आज जरा दम धरावा. आजचाही विषय इतिहासच आहे, पण यंत्राचा.

झालं असं की माझ्या बहिणीचा नातू छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक हलकी गाडी बनवणार आहेत. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दोघांपुरती जागा, वजन चारशे किलोच्या आसपास आणि इंजिन मोटारसायकलचं. बुलेटचं घ्यावं की केटीएम ३९० चं, यावरून चौघांत दोन तट पडलेत. पैसे घरच्यांनी काटकसर करून दिलेले, तेव्हा इंजिन एकदाच घेता येणार. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? मग आधी कुणी असं केलंय का ते सांगा." आमच्या बी.ए.ला यंत्रशास्त्र नव्हतं. पण प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून महिनाभर वाचत बसलो.

केलंय तर पुष्कळांनी. इंग्लंडमध्ये १९४६ साली चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन यांनी जुन्या फियाटचे सुटे भाग जोडून शर्यतीची छोटी गाडी बनवली. इंजिन ५०० सीसीचं, मोटारसायकलचं. मोटारसायकलची ताकद साखळीनं मागच्या चाकाला जाते, म्हणून त्यांनी इंजिन चालकाच्या मागे बसवलं. सोय म्हणून केलेली ही गोष्ट पुढे जगाची रीत झाली. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबहॅमनं कूपरच्या मागे इंजिन असलेल्या गाडीतूनच जगज्जेतेपद मिळवलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत फॉर्म्युला वनमधल्या साऱ्याच गाड्यांची इंजिनं मागे गेली.

ही इंजिनं लोकांना का आवडतात? हलकी असतात आणि क्लच, गिअर सगळं एकाच पेटीत येतं. पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. दुचाकीला चार गोष्टी फुकट मिळतात. चार चाकांवर त्याच गोष्टींचे पैसे मोजावे लागतात.

पहिली गोष्ट वारा. मोटारसायकलचं इंजिन उघड्यावर असतं, धावतानाच गार होतं. पत्र्याच्या पेटीत कोंडलं की तापतं.

दुसरी, हलकेपण. दुचाकीचं वजन दीडशे ते दोनशे किलो. तिचा क्लच आणि पहिला गिअर त्याच हिशेबानं केलेले असतात. दुप्पट वजन ओढायला लावलं तर चढावर क्लच जळतो.

तिसरी, मागे जाणं. दुचाकी आपण पायानं मागे ढकलतो, गाडी ढकलता येत नाही. रिव्हर्स गिअर हवाच.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत नवलाची वाटली. ती म्हणजे कलणं. वळणावर दुचाकी कलते, त्यामुळे इंजिनातलं तेल तळाशीच राहतं. गाडी तशी कलत नाही. जोराच्या वळणावर तेल एका बाजूला सरकतं, पंपाला मिळेनासं होतं आणि इंजिन आतून खरवडलं जातं. इंग्लंडमध्ये हलक्या गाड्यांना यामाहा, सुझुकीची इंजिनं बसवणारी हौशी मंडळी म्हणूनच तेलाच्या भांड्यात आडवे पत्रे घालून घेतात.

आता गंमत पाहा. यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या औंढ्याच्या बसस्टँडवर रोज उभी असतात. रिक्षा! इटलीत १९४६ साली व्हेस्पा आली. तिचं इंजिन पत्र्याखाली झाकलेलं, म्हणून त्याला गार करायला पंखा दिला. त्याच जोरावर १९४८ मध्ये तिथली तीन चाकांची आपे निघाली. आपल्याकडे बजाजनं १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. माणसांनी भरलेली रिक्षा चढ चढते, रिव्हर्सही घेते. पुढे वाळूजच्या कारखान्यात 'क्यूट' बनली. २१६ सीसीचं एकच सिलिंडर, पाण्यानं गार होणारं, ताकद सुमारे १३ अश्वशक्ती, वेग ताशी ७० किलोमीटर. २०१९ मध्ये ती महाराष्ट्रात विक्रीला आली. पोरांच्या कॉलेजपासून वाळूज हाकेच्या अंतरावर!

नातवाला मी एवढंच लिहून पाठवलं: इंजिन कोणतं हे मागाहून ठरवा, गाडी कुठे चालवणार ते आधी ठरवा. बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धेसाठी असेल तर केटीएम. ते पाण्यानं गार होतं, जुन्या ३७३ सीसीच्या इंजिनाची ताकदही ४३ अश्वशक्तीच्या आसपास आहे. कॉलेजांचे कित्येक संघ तेच वापरतात. फक्त तेलाचं बघा. शेतात, बांधावर सावकाश हिंडायचं असेल तर रिक्षाचं. बुलेटचं इंजिन जड, ताकद वीसेक अश्वशक्ती आणि त्याला वारा लागतो. आवाज छान आहे, पण आवाजावर गाडी चालत नाही. रिक्षाचं नाव काढल्यावर चौघांची तोंडं उतरली म्हणे.

त्याहून कडू गोष्ट कायद्याची. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो. चार पोरांना ते परवडणारं नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात देशभर तिचं कौतुक झालं. आनंद महिंद्रांनीही ती नियमात बसत नसल्याचं सांगूनच तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिली. नियम मला जाचक वाटत नाही. घरच्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर समोरून येणाऱ्यानं काय पाप केलंय?

पण नियमात न बसलेली वस्तू आठवणीतूनही जाते, याचं वाईट वाटतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली होती. तिचं उत्पादन कधी सुरूच झालं नाही. आज किती जणांना ते नाव ठाऊक आहे? लोहारांची जीप निदान सांभाळली तरी गेली. तुमच्या गावात कुणी असं काही जोडलं असेल तर त्याचा फोटो काढा, बनवणाऱ्याचं नाव आणि साल मागे लिहा. कुठलं इंजिन घेतलं आणि ते का घेतलं, हेही विचारून ठेवा. पुढच्या पोरांचे पैसे वाचतील.