नवे मूत्रपिंड, नवा मधुमेह

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे एक मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसवले. दोघे एकाच फलित अंड्यापासून जन्मलेले असल्याने रिचर्डच्या शरीराला ते परके वाटले नाही. पण असे जुळे भावंड किती रुग्णांना असणार? इतरांचे मूत्रपिंड शरीर नाकारत असे.

१९६३ मध्ये डेन्व्हरच्या डॉ. थॉमस स्टार्झल यांनी अॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोन ही औषधे एकत्र देऊन हा नकार परतवता येतो, हे दाखवले. मूत्रपिंडे टिकू लागली. मात्र १९६४ मध्येच नोंद झाली, की पूर्वी मधुमेह नसलेल्या काही रुग्णांना रोपणानंतर तो जडला आहे.

प्रेडनिसोन हे स्टिरॉइड. त्यामुळे यकृत रक्तात अधिक ग्लुकोज सोडते आणि स्नायू इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. शिवाय रक्तातील बरेचसे इन्शुलिन मूत्रपिंडातच नष्ट होते. मूत्रपिंड निकामी असताना ते रक्तात रेंगाळते. नवे मूत्रपिंड ते भराभर काढून टाकते. म्हणजे मूत्रपिंड उत्तम चालू लागल्यामुळेच दडलेली उणीव उघडी पडते!

स्टिरॉइड कमी करता यावे यासाठी नवी औषधे उपयोगी पडली. नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९७८ मध्ये केंब्रिज येथे मूत्रपिंडाच्या रुग्णांना देण्यात आले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा येथील मातीतील जीवाणूपासून सापडले. तरीही मधुमेह हटला नाही. टॅक्रोलिमसने तर तो अधिक दिसू लागला. असे का?

ही दोन्ही औषधे कॅल्सिन्युरिन या विकराला रोखतात, हे १९९१ मध्ये उलगडले. हल्ला करणाऱ्या टी पेशींना जागे करण्यासाठी हा विकर लागतो. परंतु स्वादुपिंडातील बीटा पेशींनाही वाढीसाठी आणि इन्शुलिन तयार करण्यासाठी तोच लागतो. औषधाला या दोन पेशींमधला फरक कळत नाही.

मग औषध बंद का करू नये, असे विद्यार्थी विचारतील. बंद केले तर मूत्रपिंड नाकारले जाईल. आणि मधुमेह अनियंत्रित राहिला तर तोही मूत्रपिंडाला इजा करील. म्हणून डॉक्टर रक्तातील साखर वारंवार तपासतात, औषधांची मात्रा बेताने जुळवतात आणि गरजेप्रमाणे इन्शुलिन देतात. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी या विकाराच्या नावातील ‘नव्याने उद्भवलेला’ हे शब्दही वगळले. कारण काहींचा मधुमेह रोपणाआधीचाच, पण न ओळखलेला असतो.