एक घोडा आणि तिघे स्वार

सनदा, महजर आणि हिशेबाच्या वह्या यांना इतिहासाची साधने म्हणून आपण जो मान देतो, तो एखाद्या फार्साला सहसा देववत नाही. परंतु ज्या काळी लोकांना रडण्याजोगे पुष्कळ होते, त्या काळी ते कशाला हसले, हेही विचारण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते.

वॉर्नर ब्रदर्सचा १९३६ सालचा 'थ्री मेन ऑन अ हॉर्स' हा असाच एक विस्मृतीत गेलेला चित्रपट. जॉन सेसिल होम व जॉर्ज ॲबट यांचे याच नावाचे नाटक १९३५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला आले आणि त्याचे आठशेंहून अधिक प्रयोग झाले. त्यावरून मर्विन लरॉय यांनी हा बोलपट केला. अर्विन हा त्याचा नायक शुभेच्छापत्रांसाठी चार-चार ओळी जुळवून पोट भरणारा. बसमधून जाताना विरंगुळा म्हणून तो शर्यतीतले घोडे निवडतो, आणि ते जिंकतात. पण स्वतः मात्र तो छदामही लावीत नाही. एके दिवशी घरी खटका उडतो, स्वारी मद्यगृहात जाऊन बसते, आणि तीन जुगारी त्याला हेरतात. अर्विनने घोडा सांगावा व तिघांनी पैसे मिळवावे, असा क्रम सुरू होतो. अखेर ते त्यालाही पैसे लावावयास भाग पाडतात, आणि त्याची ही विद्या त्याला सोडून जाते.

हा विनोद पोकळ नव्हता. १९२९ साली शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेतील चौथा हिस्सा कामकरी बेकार झाले होते. राज्यांच्या तिजोऱ्या रित्या पडल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शर्यतीवरील पैज कायदेशीर केली, आणि १९३४ च्या नाताळात सांता अनिताचे मैदान सुरू झाले. ज्या न्यूयॉर्क राज्यात १९०८ च्या जुगारबंदीमुळे १९११ व १९१२ साली मोठ्या शर्यतीच बंद राहिल्या, तेथेही १९४० मध्ये सरकारमान्य पैज आली. कालचे पाप आज महसूल ठरले.

सरकार जुगाराकडे वळत असता प्रेक्षक मात्र जुगार सोडून पुन्हा आपल्या कामावर जाणाऱ्या एका पद्यकारकुनाला पाहून हसत होते. ज्यांची पुंजी दुसऱ्यांच्या पैजांत बुडाली होती, त्यांना तो आपलाच वाटला असल्यास नवल नाही.